पेरॉक्सिडेजचा रामन वर्णपट: १३५८चा खांदा कुठून येतो आणि ७८०ची रेघ का दिसत नाही?

प्रकीर्णक
हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज या हेम (मध्ये लोह असलेलं पॉर्फिरिन कडं) बाळगणाऱ्या एन्झाइमवर (सी आयसोएन्झाइम) रेझोनन्स रामन (रेणू जो प्रकाश शोषतो त्याच रंगाचा लेझर लावून घेतलेला रामन) चालू आहे. मांडणी अशी: क्रिप्टॉन आयन लेझर ४१३.१ नॅनोमीटर, नमुन्यावर २० मिलिवॉट, साधी क्वार्ट्झ क्युव्हेट, ९० अंशात प्रकाश गोळा करतो. एन्झाइम ५० मायक्रोमोलर, ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७, शिवाय २० टक्के ग्लिसरॉल. एक्स्पोजर सलग १० मिनिटं. नमुन्यातून आधी आर्गॉन फिरवलेला.

दोन अडचणी आहेत.
१) विश्रांत फेरिक (लोह +३) एन्झाइमचा न्यू-४ पट्टा १३७४ला व्यवस्थित येतो, पण त्याला १३५८च्या आसपास खांदा आहे. काही वेळा तो खांदा मुख्य पट्ट्याच्या निम्म्यापर्यंत जातो.
२) हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर कम्पाउंड २ची (क्रियेतलं मध्यवर्ती संयुग, लोह +४ आणि त्यावर ऑक्सिजन) लोह-ऑक्सिजन रेघ ७७५ ते ७९०मध्ये यायला हवी. तिथे काहीच नाही. ८५० आणि १०५०ला मात्र रुंद ढिगारे आहेत.

(सगळे आकडे तरंगसंख्येत, प्रति सेंमी.) एन्झाइम खराब आहे की मांडणी?

चकली
प्रकाश विखुरतो त्यावरून एन्झाइमच्या कणाचा आकार मोजतात, तेच का हे? आमच्या विभागात तसलं एक यंत्र आहे, दोन मिनिटांत उत्तर देतं.

लोहितकण
@चकली, ते डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग. त्यात विखुरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी जवळपास तीच राहते. कण किती वेगाने हलतात त्यावरून त्यांची त्रिज्या काढतात. एन्झाइम गोळा होऊन गठ्ठे झालेत का, हे बघायला उत्तम. रामनमध्ये दहा लाखांत एखादा (बहुतेक वेळा त्याहूनही कमी) फोटॉन रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन बाहेर पडतो, आणि तेवढीच ऊर्जा आपण मोजतो. त्यातून कुठला बंध किती ताणलेला आहे ते कळतं. आकार कळत नाही.

तरी रामन घेण्याआधी तुमच्या त्या यंत्रावर नमुना एकदा बघून घेणं शहाणपणाचं. गठ्ठे असले की मूळ तरंगलांबीचा विखुरलेला प्रकाश इतका वाढतो की ३००च्या खालचं सगळं बुडतं.

पुणेरी_फोटॉन
रामन आणि कृष्णन यांनी १९२८मध्ये कोलकात्यात सुरुवात केली ती सूर्यप्रकाश आणि रंगीत फिल्टरवर. तुम्हाला क्रिप्टॉन लेझर आहे तरी तक्रार. असो, रुमाल टाकून ठेवतो.

सोरेपट्टा
खांद्याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. २० मिलिवॉट, स्थिर क्युव्हेट, आर्गॉन.

न्यू-४ हा पॉर्फिरिन कड्याचा पट्टा. लोहाकडून कड्याच्या प्रतिबंधी कक्षकांत किती इलेक्ट्रॉन सरकतात यावर तो हलतो. फेरिक असेल तर १३७०-१३७५, फेरस (लोह +२) असेल तर १३५५-१३६०. म्हणजे १३५८ हे फेरस पेरॉक्सिडेज आहे आणि ते तुमचा लेझरच तयार करतोय. ४१३ नॅनोमीटर थेट सोरे पट्ट्यावर (हेमचा सगळ्यात जोरदार शोषण पट्टा) बसतं, उत्तेजित हेम शेजारून एखादा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. फोटोरिडक्शन.

हिशेब करून बघा. ठिपका ५० मायक्रॉन व्यासाचा धरला तर २० मिलिवॉट म्हणजे दर चौरस सेंमीला सुमारे १००० वॅट. तेही १० मिनिटं त्याच जागी. नमुना तक्रार करणारच.

क्युव्हेटधारी
सहमत, पण पूर्ण नाही. फेरस पेरॉक्सिडेज हवेत टिकत नाही. ऑक्सिजन मिळाला की लगेच जोडून कम्पाउंड ३ होतं आणि त्याचा न्यू-४ पुन्हा वर, १३७५च्या पलीकडे जातो. म्हणजे हवा असलेल्या नमुन्यात फोटोरिडक्शन होत असलं तरी १३५८ नीट दिसेलच असं नाही. इथे आर्गॉनमुळे ते दिसतंय. उलट ज्यांना खांदा दिसत नाही त्यांनी "आमचा नमुना सुरक्षित" असं समजू नये; कदाचित ते फेरिक आणि कम्पाउंड ३ यांची खिचडी बघत असतात. न्यू-४ एकटा बघून निकाल देणं ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे.

सोरेपट्टा
मान्य. म्हणून न्यू-३ (कड्याचाच दुसरा पट्टा) सोबत बघायचाच. या एन्झाइमसाठी ढोबळ नकाशा:

विश्रांत फेरिक: न्यू-४ १३७३-७४, न्यू-३ १५००च्या आसपास. पाच-समन्वयी (लोहाला पाच बंध), उच्च-स्पिन (लोहावर एकटे इलेक्ट्रॉन जास्त).
फेरस: न्यू-४ १३५८, न्यू-३ १४७०च्या आसपास.
कम्पाउंड २: न्यू-४ १३८०, न्यू-३ १५०९-१०.

१४७०ला उंचवटा असेल तर १३५८ खरोखर फेरसच. बेन्झहायड्रॉक्सॅमिक आम्लासारखा रेणू हेमच्या खिशात बसला की लोह सहा-समन्वयी उच्च-स्पिन होतं आणि न्यू-३ १५००वरून १४८४च्या आसपास उतरतो. तेवढ्यासाठी न्यू-३ फार कामाचा, कारण न्यू-४ या बदलात जवळपास हलतच नाही.

नवखी_वर्णपटी
माझा प्रश्न बाळबोध आहे. ७८५ नॅनोमीटरचं हातात धरायचं रामन यंत्र सगळीकडे मिळतं. तेच वापरलं तर फोटोरिडक्शनचा प्रश्नच मिटला ना?

नॉच_फिल्टर
मिटेल, सिग्नलसकट.

विखुरण्याची तीव्रता वारंवारितेच्या चौथ्या घाताने बदलते. ४१३वरून ७८५ला गेलात की नुसत्या त्या हिशेबाने १३ पट घट. त्यावर रेझोनन्सचा फायदा गेला, तो हजारपट ते लाखपट असू शकतो. ५० मायक्रोमोलर एन्झाइम म्हणजे ४४ किलोडाल्टनच्या हिशेबाने जेमतेम २.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. बिगर-रेझोनन्स रामनला प्रथिन १०-५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लागतं, आणि तेव्हाही दिसतो तो प्रथिनाचा सगळा बाजार: फिनाइलअॅलनिनची १००३ची रेघ, टायरोसिनची ८३०-८५०ची जोडी, १६५०चा अमाइड-१. हेम त्यात एक गिऱ्हाईक.

रेझोनन्सचा मुद्दाच हा की अख्ख्या प्रथिनातून फक्त सक्रिय जागा उजळते.

बफरभाऊ
८५० आणि १०५०चे ढिगारे ग्लिसरॉलचे आहेत. १४६०च्या आसपास तिसराही असेल, बघा. २० टक्के ग्लिसरॉल म्हणजे सुमारे २.७ मोलर, एन्झाइम ५० मायक्रोमोलर. पन्नास हजारांहून जास्त ग्लिसरॉल रेणू एका हेममागे. रेझोनन्स कितीही असला तरी ते दिसणारच.

आणखी: फॉस्फेट ९९० आणि ८७६ला दिसतं (पीएचप्रमाणे दोघांचं प्रमाण बदलतं, त्यामुळे वजाबाकी करताना बफर त्याच पीएचचा हवा). अमोनियम सल्फेटचा अवक्षेप करून आणलेलं एन्झाइम असेल आणि डायलिसिस अर्धवट राहिलं असेल तर ९८१ला सुईसारखी रेघ येते. ती बघून "नवीन मध्यवर्ती संयुग सापडलं" असं म्हणू नका. ट्रिस आणि ईडीटीए तर टाळाच. त्यांच्या रेघा आहेतच, शिवाय दोघंही हेमला इलेक्ट्रॉन पुरवतात, म्हणजे फोटोरिडक्शनला आयतं निमंत्रण.

खाचखळगे
बफरभाऊ, वाखुसा (वाचनखूण साठवली). ही यादी प्रत्येक फ्रीजच्या दारावर चिकटवायला हवी.

रेझोनन्सी
आता इलाज.

नमुना फिरवा. ५ मिलिमीटरची एनएमआर नळी, तळाला लहान मोटर, सेकंदाला २० फेरे. नळीचा आतला परीघ साधारण १३ मिलिमीटर, म्हणजे ५० मायक्रॉनचा ठिपका एका जागी ०.२ मिलिसेकंदच थांबतो आणि सरासरी मात्रा २६० पटींनी उतरते. नमुना १०० मायक्रोलिटर पुरतो. नळी वाकडी असेल तर फोकस दर फेऱ्यात आत-बाहेर होतो आणि सिग्नल थरथरतो. नळ्या चांगल्या प्रतीच्याच घ्या.

९० अंश सोडा, मागे परतणारा प्रकाश घ्या. ५० मायक्रोमोलर नमुन्याचं ४०३ला शोषण १ सेंमीत ५च्या वर जातं (मोलर गुणांक १०२ प्रति मिलिमोलर प्रति सेंमी). ९० अंशात तुम्ही जो प्रकाश मोठ्या कष्टाने विखुरला तो नमुनाच गिळतो, आणि वेगवेगळ्या रेघा वेगवेगळ्या प्रमाणात गिळतो. १५००ची रेघ ४४०.४ नॅनोमीटरला असते, तिथे शोषण कमी. २४४ची (लोह-हिस्टिडीन) रेघ ४१७.३ला, तिथे जास्त. मग उंचीची तुलना चुकते आणि लोक त्यावर पानं लिहितात.

पॉवर ५ मिलिवॉटच्या खाली. एक्स्पोजर १० मिनिटं एकदम नको, ३० सेकंदांचे २० घ्या. कॉस्मिक किरणांचे काटे मध्यकाने निघून जातात, आणि पहिला व शेवटचा तुकडा एकावर एक ठेवला की नमुना बदलतोय का तेही दिसतं.

आणि मुख्य चाचणी: १, ५, २० मिलिवॉट, पॉवर गुणिले वेळ सारखा ठेवून, दर वेळी ताजा नमुना. १३५८चा वाटा पॉवरबरोबर वाढला तर लेझरचा दोष. न बदलता राहिला तर नमुन्यातच फेरस किंवा दुसरं काही आहे.

सोरेपट्टा
यात एक भर. आधी आणि नंतर साधा शोषण वर्णपट घ्या, त्याच नळीत. फेरसचा सोरे ४३७ला असतो. आणि हेलियम-कॅडमियमचा ४४१.६चा लेझर मिळाला तर तोही लावून बघा. फेरस थोडंसं असलं तरी तिथे फुगून दिसेल, आणि २४४ला लोह-हिस्टिडीन रेघ येईल. मायोग्लोबिनमध्ये तीच रेघ २२०ला असते. पेरॉक्सिडेजमध्ये वर का, तर हिस्टिडीनच्या दुसऱ्या नायट्रोजनचा हायड्रोजन शेजारच्या अॅस्पार्टेटकडे ओढला जातो, इमिडाझोल जवळपास ऋण होतो आणि लोहाला घट्ट धरतो. पेरॉक्साइडचा ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तोडायला हा मागचा धक्का मदत करतो. एन्झाइम कसं काम करतं याचं इतकं सरळ उत्तर एका रेघेत क्वचित मिळतं.

दुर्मुखलेला_डायोड
क्रिप्टॉन लेझर किती जणांकडे उरलाय? पाणी, तीन फेजची वीज, नळी गेली की रडारड. ४०५ नॅनोमीटरचे डायोड स्वस्त आहेत, तेच वापरा की.

नॉच_फिल्टर
वापरा, पण स्वस्त ४०५चा डायोड एका तरंगलांबीवर उभा राहत नाही. एकाच वेळी अनेक मोडमध्ये चालतो, तापमान सरकलं की उडी मारतो. ४०५च्या आसपास ०.१ नॅनोमीटर म्हणजे ६ प्रति सेंमी. इथे ३ प्रति सेंमीच्या सरकण्यावर लोक वाद घालतात. बाह्य कॅव्हिटीने एका मोडवर बांधलेला डायोड हवा, आणि पुढे अरुंद बँडपास फिल्टर, कारण डायोडचा स्वतःचा पसरट उजेड थेट वर्णपटावर बसतो. (गॅस लेझरलाही प्लाझ्मा रेघा असतात, तिथेही फिल्टर लागतोच.)

टोल्युइन रोज, नमुन्याच्या आधी आणि नंतर, त्याच नळीत: ५२१.७, ७८५.५, १००३.६, १२११. तीनपेक्षा कमी बिंदूंवर कॅलिब्रेशन करणाऱ्यांशी वाद घालू नये.

चकली
७८५.५ची टोल्युइनची रेघ आणि ७८७ची लोह-ऑक्सिजन रेघ. नळी नीट धुतली नाही तर शोधनिबंध तयार!

नॉच_फिल्टर
@चकली, हे विनोदाने म्हणालात, पण कॅलिब्रेशनची नळी वेगळीच ठेवतात ते म्हणूनच. "त्याच नळीत" ऐवजी "त्याच प्रकारच्या नळीत" असं वाचावं. इंडीन वापरलं तरी चालेल.

हिरवी_फिल्म
सगळे हेमवर घसरलेत. ज्या एन्झाइमला रंगच नाही त्यांनी काय करायचं? आणि चांदीच्या कोलॉइडवर बसवून सिग्नल वाढवणं कोणी का सुचवत नाही?

लोहितकण
चांदीबद्दल माझं मत वाईट आहे. पृष्ठभागाला चिकटताना प्रथिन उलगडू शकतं, हेमचा स्पिन बदलतो, कधी हेमच सुटून चांदीवर बसतो आणि तुम्ही मोकळ्या हेमचा सुंदर वर्णपट एन्झाइम म्हणून छापता. सायटोक्रोम सी चांदीवर उच्च-स्पिन झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. उत्पादन किती तयार झालं ते मोजायला कोलॉइड ठीक. यंत्रणा समजायला नको.

क्युव्हेटधारी
रंग नसलेल्यांसाठी रस्ते आहेत, आणि माझ्या मते खरी मजा तिथे आहे.

एक, रंग सब्स्ट्रेटला द्यायचा. कायमोट्रिप्सिनवर पॉल कॅरी आणि पीटर टाँग यांनी तेच केलं. आरिलअॅक्रिलॉइल गटाने सेरीन अॅसिलेट करायचं, त्याचं शोषण जवळच्या अतिनील भागात सरकतं, आणि ३५० नॅनोमीटरच्या आसपासच्या लेझरने अॅसिल गटाचा कार्बोनिल पट्टा दिसतो. वेगवेगळे अॅसिल गट आणि एन्झाइम घेऊन त्यांनी दाखवलं की हा पट्टा खाली सरकला (म्हणजे ऑक्सिॲनायन खिशातल्या हायड्रोजन बंधांनी बंध जास्त ताणला) की डीअॅसिलेशनचा वेग वाढतो. पन्नासेक तरंगसंख्येच्या फरकात वेग दहा हजार पटीहून जास्त बदलतो. बंधाच्या लांबीत हा फरक अँगस्ट्रॉमच्या दोन-तीन शतांशांचा. क्ष-किरण स्फटिकचित्रात एवढा फरक धूसरपणात हरवतो.

दोन, वजाबाकी. एन्झाइम अधिक लिगँड उणे एन्झाइम. यात नुसत्या दोन फाइली वजा करून भागत नाही. दोन्ही नमुने दुभंगलेल्या क्युव्हेटमध्ये शेजारी ठेवून आळीपाळीने मोजतात, म्हणजे लेझर आणि स्पेक्ट्रोमीटरची सरकासरक दोघांवर सारखी पडते. कार्बोनिल ओळखायला कार्बन-१३ घालायचा: १७००ची रेघ ३५-४०ने खाली येते, जी हलली ती तुमची.

नवखी_वर्णपटी
पाण्याचं काय? इन्फ्रारेडमध्ये १६४०ला पाणी सगळं झाकतं.

क्युव्हेटधारी
रामनमध्ये तोच पट्टा दुबळा. एन्झाइमसाठी रामन वापरण्याचं अर्धं कारण तेच. पण शून्य नाही. पातळ नमुन्यात अमाइड-१ वाचायचा असेल तर बफर वजा करावाच लागतो, किंवा जड पाणी.

हिरवी_फिल्म
आणि फ्लॅव्हिन? प्रतिदीप्तीने सगळा कॅमेरा भरतो.

लोहितकण
काही फ्लॅव्होएन्झाइममध्ये प्रथिन स्वतःच ती विझवतं, बाकीच्यांत सुटलेला फ्लॅव्हिन त्रास देतो. आधी जेल स्तंभातून मोकळा फ्लॅव्हिन काढा. पोटॅशियम आयोडाइडने प्रतिदीप्ती दाबता येते, पण एन्झाइमला ते सोसतं का ते बघा. नाहीतर लेझर ७५२ किंवा ७८५ला न्या. बेसलाइनला बाराव्या घाताचं बहुपद बसवू नका, एवढीच विनंती. ते स्वतःच पट्टे तयार करतं.

पुणेरी_फोटॉन
बाराव्या घाताला हरकत का? वर्णपट किती सपाट, छान दिसतो.

प्रकीर्णक
सगळ्यांचे आभार. ग्लिसरॉल काढलं, नळी फिरवली, ३ मिलिवॉट. १३५८ गेला, न्यू-३ १५००ला. आता दुसरा प्रश्न: पेरॉक्साइड १० पट घालतो, तरी लोह-ऑक्सिजन रेघ नाही. न्यू-४ १३७७-७८.

रेझोनन्सी
१० पट हाच घोटाळा. जादा पेरॉक्साइडने कम्पाउंड २ पुढे जाऊन कम्पाउंड ३ होतं. शोषणात ५४४ आणि ५७७ दिसतंय का बघा. कम्पाउंड २चे पट्टे ५२७ आणि ५५४ला असतात.

पेरॉक्साइडची बाटली ३० टक्के म्हणजे ९.८ मोलर, पण उघडलेल्या बाटलीवर विश्वास नको. १००० पट पातळ करून २४०ला मोजा, गुणांक ४३.६ धरला तर ९.८ मिलिमोलरचं शोषण ०.४३. मग एन्झाइमला एक समतुल्य घाला. कम्पाउंड १ (पहिलं मध्यवर्ती संयुग, एक इलेक्ट्रॉन मिळाला की त्याचं कम्पाउंड २ होतं) झटक्यात होतं (वेग-स्थिरांक १०चा सातवा घात प्रति मोलर प्रति सेकंद या घरातला). लगेच एक समतुल्य पोटॅशियम फेरोसायनाइड: एकच इलेक्ट्रॉन देतं, कम्पाउंड २वर थांबतं. फेरोसायनाइडच्या सायनाइड रेघा २०५०च्या पलीकडे, अडचण नाही.

कम्पाउंड १चा वर्णपट मुद्दाम घ्यायला जाऊ नका. लेझरनेच ते कम्पाउंड २सारखं होतं. सुरुवातीच्या काळात यावर बरेच वाद झाले ते त्यामुळेच.

सोरेपट्टा
पीएच ७ला कम्पाउंड २ लवकर मावळतं. पहिल्यांदा रेघ बघायची असेल तर पीएच १०च्या आसपास बघा, जास्त टिकतं. रेघ ७८७ला येईल. पीएच ७ला ७७५. हा फरक खरा आहे: तटस्थ पीएचला दूरस्थ हिस्टिडीन लोहावरच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंध देतं, बंध सैल होतो, साडेआठ-पावणेनऊच्या वर हिस्टिडीन तो प्रोटॉन सोडतं.

प्रकीर्णक
७८७ दिसली! पण तिच्या बाजूला हेमची ७५५च्या आसपासची रेघ आहे, खात्री कशी करू? ऑक्सिजन-१८चं पेरॉक्साइड मागवू का?

क्युव्हेटधारी
मागवा, पण पीएच बघून वापरा. ऑक्सिजन-१८ने ७८७ची रेघ ७५२ला जायला हवी, म्हणजे थेट त्या हेम रेघेवर. म्हणून दोन्ही वर्णपट वजा करून वर-खाली असा आकार शोधायचा. हेम वजाबाकीत निघून जातं.

पीएच ७ला मात्र ते महागडं पेरॉक्साइड वाया जाईल, कारण कम्पाउंड २चा ऑक्सिजन पाण्यातल्या ऑक्सिजनशी अदलाबदल करतो. अल्कधर्मी पीएचला करत नाही. याचाच उलटा फायदा घ्या: पीएच ७ला साधं पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन-१८चं पाणी. ७७५ची रेघ ७४१कडे सरकेल.

बफरभाऊ
पण ५० मायक्रोमोलर एन्झाइम साध्या पाण्यात आणि वरून ऑक्सिजन-१८चं पाणी घातलं तर मिश्रण अर्धंमुर्धं होतं आणि दोन्ही रेघा दिसतात. एन्झाइम आधी १ मिलिमोलरपर्यंत आटवा, ५ मायक्रोलिटर ते, ९५ मायक्रोलिटर लेबलचं पाणी. बफर कोरडा वजन करून त्या पाण्यातच विरघळवा.

प्रकीर्णक
१ मिलिमोलर म्हणजे ४४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. एवढं विरघळतं?

बफरभाऊ
या एन्झाइमवर साखरेच्या साखळ्या आहेत, विरघळतं. आटवताना १० किलोडाल्टनचा फिल्टर चालेल. नंतर शोषण पुन्हा मोजा, आणि ४०३ ते २८०चं गुणोत्तर (हेमचं शोषण भागिले प्रथिनाचं, म्हणजे शुद्धतेचं माप) ३च्या खाली उतरलं असेल तर पुढे जाऊ नका.